तिवराच्या मुळांवरचा बुळबुळीत थर

विलेपार्ल्याहून वर्सोव्याची खाडी काही फार लांब नाही. ओहोटीला तिथल्या चिखलातून तिवराची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. अशा मुळांवरचा बुळबुळीत थर म्हणजे निव्वळ घाण नव्हे. त्यात नील-हरित जीवाणू राहतात.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही झाडांना तो थेट घेता येत नाही. यांतले काही जीवाणू नायट्रोजिनेज या विकराच्या जोरावर त्याचा अमोनिया करतात. गंमत म्हणजे, ऑक्सिजन लागला की हे विकर निकामी होतं! काळ्या, कुबट चिखलात ऑक्सिजन जेमतेमच, म्हणून मुळांभोवतीचे सल्फेटवर श्वसन करणारे जीवाणूही हे काम करू शकतात.

भातखाचरात सोडल्या जाणाऱ्या ॲझोला या तरंगत्या नेच्याच्या पानांतही असाच एक नील-हरित भाडेकरू असतो.