फ्लॉरिडाच्या खडकात फणस



जेवणाआधीची दहा मिनिटं मला दिली आहेत आणि विषय आहे फणस, म्हणजे तुमची भूक वाढवण्याचंच काम. बाहेरच्या टेबलावर फणसाची कलमं ठेवली आहेत. त्यांचे सगळे पैसे आजच्या निधीत जाणार आहेत. पण घेण्याआधी जरा ऐका, कारण नुसती देणगी म्हणून नेलेलं झाड कुंडीतच मरतं.

मला सगळे विचारतात, "गावाहून आठळ्या आणल्या तर?" मी आणल्या होत्या! 2003 साली, बाबांच्या परसातल्या काप्याच्या, ओल्या रुमालात बांधून. आज सांगताना लाज वाटते. विमानतळावर न सांगता बियाणं आणणं बेकायदा तर आहेच, पण 2005 साली इथेच, दक्षिण फ्लॉरिडात, संत्र्या-लिंबांचा ग्रीनिंग रोग सापडला आणि पुढे राज्यभरच्या बागा त्याने उजाड केल्या. आपल्या पिशवीतून असं काही आलं असतं तर?

शिवाय आठळी वाळली की मेली. माझी एकच रुजली. जानेवारी 2010 मध्ये जवळजवळ दोन आठवडे थंडी पडली, तेव्हा ते झाड जुन्या साड्या गुंडाळून वाचवलं. बत्तीस फॅरनहाइटला पानं करपतात, अठ्ठावीसला झाडच जाऊ शकतं. अखेर 2011 साली पहिला फणस लागला, आठ वर्षांनी. कापला तर काय, बरका! बाबांना फोन केला तर हसत म्हणाले, "अगं, आठळीचं झाड कुणाच्या वळणावर जाईल, ते कोणी सांगावं?" अगदी खरं. काप्याच्या आठळीतून कापाच येईल, असं नाही. म्हणून कलम घ्या. ते तीन-चार वर्षांत धरतं आणि काय धरणार ते आधी माहीत असतं. होमस्टेडच्या फ्रूट अँड स्पाइस पार्कमध्ये मोठी झाडं उभी आहेत, एकदा पाहून या. घरामागे केवढी जागा लागेल, ते कळेल.

जागेचंच घ्या. घर आणि विजेच्या तारा यांच्यापासून पंचवीस फूट तरी लांब. टाऊनहाऊसवाल्यांनी रागावू नका, तुम्ही नुसती देणगी द्या! आणि पाणी साठतं तिथे तर मुळीच नको. फणसाला पाऊस आवडतो, पण त्याची मुळं दोन-तीन दिवस पाण्यात राहिली की झाड बसलंच म्हणून समजा. माझं दुसरं झाड, छान कलमी, असंच गेलं. शेजारच्या ड्राइव्हवेचं पाणी त्याच कोपऱ्यात उतरतं, हे मी उन्हाळ्यातल्या पावसात पाहूनच ठेवलं नव्हतं. आता मातीचा उंचवटा करून लावते.

आपल्या अंगणात माती कसली, चुनखडीचा खडकच. त्यात लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी लोक नुसतं खत ओतत सुटतात. चुनखडीत चालणारं चिलेटेड लोह मागून घ्या आणि पाण्यातून मुळाशी द्या.

दरवर्षी फळं काढून झाली की शेंडा छाटा. बारा-चौदा फुटांवर ठेवलेलं झाड वादळात निभावतं, वर चढायलाही लागत नाही. फणस तर खोडावरच लागतो, उंची हवी कशाला?

आणखी एक. पहिल्या वर्षी छोटे फणस काळे पडून गळायला लागले की घाबरून मला फोन येतात. ती बहुतेक नरफुलं असतात, काम झालं की गळणारच. मादीचं फूल जाड देठाचं असतं, तेच धरायचं. एका देठावर दोन लागले तर एक काढा आणि कुयरीची भाजी करा.

बाहेर बाराच कलमं आहेत. घेताना मी एकच विचारणार आहे, "पावसात तुमच्याकडे पाणी कुठे साठतं?" उत्तर येत नसेल तर पैसे देऊन ठेवा, झाड पावसाळा बघून मग न्या. तोवर मी सांभाळते.