क्रोमवर पावडर का टिकत नाही

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता. "बुलेटचं सगळं क्रोम मॅट ब्लॅक करायचंय. पावडर कोटिंग करून घेऊ का?" कुणाचा लेगगार्ड, कुणाचं हँडल, कुणाच्या रिम. आज तेवढ्यावरच बोलू. उत्तर आधीच सांगून टाकतो: करता येतं, पण क्रोमच्या वरून नको.

आता का, ते बघू. लेगगार्डवर जे चकचकीत दिसतं, त्यात क्रोम किती असतं? साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, म्हणजे विचार करा. खरा जाड थर त्याच्या खाली असतो, निकेलचा, दहा-वीस मायक्रॉनचा. झळाळी बरीचशी त्या निकेलची. क्रोम त्यावर काचेसारखं बसतं, निळसर छटा देतं आणि काळं पडू देत नाही. गुळगुळीत आणि कशालाही दाद न देणारं, हाच त्याचा गुण. रंग धरायची वेळ आली की तोच गुण आडवा येतो.

पावडर म्हणजे कोरडा रंग, पिठासारखा बारीक. गनमध्ये ६० ते १०० किलोव्होल्टवर त्याला चार्ज मिळतो, जॉबला अर्थिंग दिलेलं असतं, म्हणून तो जाऊन चिकटतो. मग ओव्हनमध्ये १८० ते २०० अंशांवर १० ते २० मिनिटं. ही मिनिटं ओव्हनची नाहीत हं, धातूची. जाड जॉब त्या तापमानाला पोचला की तिथून घड्याळ सुरू. घाईत हे चुकतं आणि रंग कच्चा राहतो. वरून बघून ते कळत नाही.

क्रोममधून वीज जाते, त्यामुळे पावडर बसते. भाजली जाते. जॉब हातात आला की देखणा दिसतो. फसगत इथेच होते. हायवेवर पहिला खडा उडाला, एक टवका निघाला, तिथून पाणी आत शिरलं, की दुधावरची साय निघावी तसा रंग निघतो. कारण त्याला खाली पकडायला खरखरीत असं काही मिळालेलंच नसतं.

मग काही जण सांगतात, "क्रोमवरच ब्लास्टिंग मारून देतो." प्लेटिंग सगळीकडे घट्ट असेल, ब्लास्टिंग सगळीकडे नीट पोचलं असेल आणि खाली इपॉक्सी प्रायमर असेल, तर ते काही काळ चालेल. पण निकेल कुठे एका जागी जरी सुटायला लागलं असेल, तरी ते रंगासकट वर येणार. आणि आपल्याकडे ते सुटलेलं असतंच. एका बाजूला खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. ही खारी हवा क्रोमच्या बारीक छिद्रांतून पार लोखंडापर्यंत जाते. रिमवर तांबूस ठिपके दिसतात ना, ते वरून आलेले नसतात, आतून आलेले असतात.

म्हणजे योग्य मार्ग एकच: प्लेटिंग पूर्ण उतरवायचं, लोखंड उघडं करायचं, मग ब्लास्टिंग, फॉस्फेटिंग, प्रायमर आणि शेवटी रंग. आता उतरवायचं कसं, यावर थोडं थांबतो, कारण दुकानात हे कोणी विचारत नाही.

क्रोम उतरवायच्या नेहमीच्या पद्धती दोन. एक, हायड्रोक्लोरिक ॲसिड. दुसरी, कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उलटा करंट देऊन. दुसऱ्या पद्धतीत पाणी हळूहळू पिवळं होतं. तो पिवळा रंग म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. युरोपात प्लेटिंगसाठी लागणारं क्रोमियम ट्रायऑक्साइड २१ सप्टेंबर २०१७ नंतर खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. आपल्याकडेही इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या लाल यादीत आहे.

त्या पाण्याचं काय करायचं हे माहीत नाही असं अजिबात नाही. ॲसिडिक करून बायसल्फाइट टाकायचं, पिवळ्याचं हिरवट झालं की चुना टाकून क्रोमियम खाली बसवायचं, गाळ सुकवून घातक कचऱ्यात द्यायचा. तळोज्याला त्याची सामाईक सोय आहे. पण हे सगळं करायला पैसे लागतात. गाळ्यामागे दोन पिंपं ठेवून जो काम करतो, त्याचं पाणी गटारात जातं, गटार खाडीत, आणि खाडीच्या तोंडाशी आपले कोळी बांधव जाळं टाकतात. टाकीवर उघड्या हातांनी वाकलेला पोरगा तर त्याहून जवळ असतो. तेव्हा रेट विचाराल, शेड विचाराल, तसं "क्रोम कुठे उतरवता, पाण्याचं काय करता" हेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर जॉब परत घेऊन या.

माझं स्पष्ट मत: क्रोम चांगलं असेल तर त्याला हात लावू नका. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे इतके कारखाने आहेत, बफिंगचा हात इथल्या कारागिरांइतका फार कमी ठिकाणी सापडेल. लेगगार्ड काळाच हवा असेल तर साध्या लोखंडाचा, प्लेटिंग न केलेला नवा घ्या आणि तो कोट करा. बहुतेक वेळा स्वस्तच पडतं.

आता जिवावरच्या गोष्टी, पटापट.

गॅस भरलेला शॉकअब ओव्हनमध्ये कधीही जाऊ द्यायचा नाही. फुटतो. स्प्रिंग वेगळी काढूनच द्यायची. पेट्रोलची टाकी आतून पूर्ण धुतलेली, वाफ गेलेली हवी, आणि जुन्या टाकीला कुठे टिनाचा डाग दिलेला असेल तर तो भट्टीत वितळतो. पुटी असेल तीही फुगते. फोर्कच्या नळ्यांवरचं हार्ड क्रोम दाखवायला नसतं, त्यावरून ऑइल सील सरकतं. तिथे रंग नाही म्हणजे नाही. एक्सल आणि कडक बोल्ट ॲसिडमध्ये नकोत. पोलादात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट कुठलीही खूण न देता तुटतो. सायलेन्सरच्या बेंडला साधी पावडर जळते, त्याला सिलिकॉनवाली वेगळी लागते.

अलॉय व्हीलबद्दल नीट ऐका. कंपन्या स्वतःच अलॉयवर पावडर मारतात, तेव्हा ते चूक नाही. पण त्या ॲल्युमिनियमची ताकद उष्णतेच्या ठरावीक प्रक्रियेतून आलेली असते. अंदाजाने तापवलेली भट्टी, वर दोन-तीनदा रंग बदल, की ती ताकद उतरते. जिथे थर्मामीटर नाही तिथे चाक द्यायचं नाही.

पावसाळ्याचंही सांगतो. जून ते सप्टेंबर पावडर ओल धरते, कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येतं, रंगावर बारीक छिद्रं पडतात. ब्लास्टिंग केलेलं लोखंड तर तासाभरात लाल व्हायला लागतं. एअर ड्रायर आहे का, बघा. घाई नसेल तर दिवाळीपर्यंत थांबा.

शेवटचा मुद्दा चेसिस नंबरचा. फ्रेम कोट करताना नंबरावर मास्किंग टेप लावून घ्या. जोरदार ब्लास्टिंगने अक्षरं झिजतात, जाड थराने बुजतात, आणि मग गाडी विकताना आरटीओत कोण काय समजावणार? टाकीचा रंग बदलत असाल तर आरसीवर नोंद बदलावी लागते. फ्रेम कापणं, लांबवणं हा विषयच वेगळा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी अशी बदलता येत नाही. त्यावर एक अख्खा भाग करावा लागेल. तोवर तुमच्या जॉबचे फोटो पाठवा, कोट करण्याआधीचे.