आधी स्थळाची चौकशी, मग मुलाखत
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

घरात मुलीसाठी स्थळ आलं की आपण काय करतो? मुलाचं शिक्षण, जमीन, व्यसन, घरातली माणसं, सगळं विचारतो. त्या गावात आपल्या नात्यातलं कोणी आहे का ते शोधतो. मगच बघण्याचा कार्यक्रम ठरवतो. पण त्याच मुलीला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, की "पगार किती?" एवढंच विचारतो आणि तिला एसटीत बसवून देतो. ही चूक मी केली आहे, म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझी थोरली बी.एस्सी. झाली. एके दिवशी तिला फोन आला. मोठ्या कंपनीत निवड झाली आहे, मुलाखत नावापुरती, पण नोंदणी आणि गणवेशाचे २,५०० रुपये आजच भरा. मोबाईलवर शिक्का मारलेलं पत्रही आलं. मी गटातून कर्ज उचललं आणि पैसे पाठवले. सांगितलेल्या दिवशी आम्ही मायलेकी त्या पत्त्यावर गेलो, तर बंद गाळा. शेजारचा दुकानदार म्हणाला, "मावशी, या महिन्यात तुम्ही चौथ्या." परतीच्या एसटीत पोरगी एक शब्द बोलली नाही. कर्ज मी पाच हप्त्यांत फेडलं. पण पुढचे सहा महिने ती कुठे अर्ज करायलाच तयार होईना, ते मला जास्त लागलं.

म्हणून पहिली गोष्ट गाठीला बांधा. नोकरी देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याला तिथेच नमस्कार करा. पैसे गेलेच, तर लाजेनं गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. मी गप्प बसले होते, तुम्ही बसू नका.

यंदा तिला दुसरं बोलावणं आलं. दुधाचे पदार्थ बनवणारी कंपनी, प्रयोगशाळेतलं काम. आमच्या गटाच्या सचिव ताई म्हणाल्या, "थांबा, आधी स्थळ बघू." हातात आठ दिवस होते.

सुरुवात किराणा दुकानातून केली. त्या कंपनीचा तुपाचा डबा आणि पनीरचं पाकीट उलटून पाहिलं. मागे बनवणाऱ्याचा पत्ता असतो आणि १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असतो. मुलाखतीच्या पत्रावरचा पत्ता आणि पाकिटावरचा पत्ता एकच निघाला. निम्मा जीव तिथेच भांड्यात पडला.

मग फोन घेतला. नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' असेल, तर त्या कंपनीची नोंद केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे असते. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधलं की ती कधी नोंदली, कार्यालय कुठे आहे, चालू आहे की बंद, हे कळतं. पीएफच्या संकेतस्थळावरही कंपनीचं नाव शोधता येतं. छोटी पेढी असेल तर तिचा जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो, आणि महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. फोनवर जमत नसेल तर सेवा केंद्रात जाऊन बघून घ्या.

कागद एवढंच सांगतो, माणसं पुढचं सांगतात. शेजारच्या वाडीतली एक सून तिथे पॅकिंगला जाते. तिला गाठलं. पगार कोणत्या तारखेला होतो? कंपनीच्या हजेरीवर घेतात की ठेकेदाराच्या? बायकांना वेगळं बाथरूम आहे का? रात्रपाळीला गाडी कुठपर्यंत सोडते? ती म्हणाली, "पगार सात तारखेला, चुकत नाही. बाथरूम आहे. पॅकिंगला आम्ही ठेकेदाराकडून आहोत. गाडी मात्र फाट्यावरच सोडते." फाट्यापासून आमचं गाव दोन किलोमीटर, आणि रस्त्याला एक दिवा नाही.

चौकशी झाली, आता तयारी. थोरलीनं वहीच्या एका पानावर लिहिलं : कंपनी काय बनवते, दूध कुठून घेते, आपलं काम काय असेल. मग मला विचारते, "आई, केंद्रावर दूध घालतेस तेव्हा काय तपासतात गं?" पंधरा वर्षं दूध घालते मी! फॅट, एसएनएफ, पाणी घातलंय का, सगळं सांगितलं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, त्याखाली गेलं की पैसे तुटतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्याबरोबर केंद्रावर आली आणि मशीनजवळ उभी राहून सगळं बघून घेतलं.

मुलाखतीत बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आमच्या कंपनीबद्दल काय माहीत आहे?" पोरीनं पाकिटावरचं सांगितलं, पानावरचं सांगितलं, आणि वर म्हणाली, "तपासणी चुकली तर दूध घालणाऱ्या बाईचे पैसे कापले जातात. ती बाई माझी आई आहे." बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

शेवटी विचारलं, "तुला काही विचारायचंय?" आपल्या मुली इथे मान हलवून उठतात. तिनं तीन गोष्टी विचारल्या. मी कोणाच्या हजेरीवर असेन, आणि पीएफ कापून हातात किती येतील? कारण मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के पीएफला जातात, म्हणजे सांगितलेला पगार आणि हातातला पगार वेगळा. दुसरं, अंतर्गत समितीत कोण आहे? दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी ही समिती हवीच, २०१३ चा कायदा आहे. तिसरं, रात्रपाळीच्या गाडीचं काय?

नोकरी लागली, कंपनीच्याच हजेरीवर. गाडी अजून फाट्यापर्यंतच येते. पण ते आधी ठाऊक होतं, म्हणून तिनं दिवसपाळी मागून घेतली.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. कोणाच्या मुलीला, सुनेला, मुलाला बोलावणं आलंय ते विचारा. गटाच्या वहीत एक पान ठेवा : कंपनीचं नाव, पगाराची तारीख, हजेरी कोणाची, गाडी कुठपर्यंत. एकीनं केलेली चौकशी दहा घरांना पुरते.

येते मी. नमस्कार.