गवंड्याची दोरी

छात्राध्यापक बंधुभगिनींनो,

या संमेलनाचे निमंत्रण घेऊन आपले दोन प्रतिनिधी माझ्या घरी आले, त्या वेळी पत्रिकेबरोबर त्यांनी आपल्या महाविद्यालयाचे हस्तलिखितही माझ्या हाती ठेवले आणि सवड मिळाल्यास ते चाळून पाहावे एवढीच विनंती केली. चाळण्याच्या हेतूने उघडलेले ते हस्तलिखित मी त्या रात्री पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचले, आणि या प्रसंगासाठी मनाशी जुळविलेले भाषण बाजूला ठेवून त्यातील लेखांविषयीच आपणाशी बोलावे असे ठरविले. 'मी कसा शिकलो आणि मला का शिकवायचे आहे' हा विषय ज्या अध्यापकांनी आपणास लिहावयास दिला, त्यांचे मी आरंभीच मनःपूर्वक अभिनंदन करतो. कारण शिक्षक होऊ पाहणाऱ्या माणसाने अध्यापनशास्त्राचे पहिले पुस्तक उघडण्यापूर्वी स्वतःला विचारावेत असे प्रश्न या दोहोंहून वेगळे मला तरी सुचत नाहीत.

एका भगिनीने लिहिले आहे की, आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकता ऐकता मराठी वाक्याचे वळण तिच्या अंगवळणी पडले, व्याकरण पुढे कधीतरी आले. एका बंधूने लिहिले आहे की, वडिलांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात चाकाच्या तारा ताणताना हाताला जे उमगले, तेच पुढे पदार्थविज्ञानाच्या तासाला नाव धारण करून भेटले. कोणी स्वतःस दृश्य अध्ययनशैलीचा म्हणवितो, कोणी श्राव्य, कोणी कृतीतून शिकणारा. आणि पाच-सहा जणांनी, ज्यांच्या प्रांजळपणाविषयी मला विशेष आदर वाटला, असे लिहिले आहे की, शिकविण्याची ओढ अशी काही आपणास अद्याप जाणवलेली नाही. घरच्यांनी सांगितले म्हणून, किंवा अन्यत्र प्रवेश मिळाला नाही म्हणून आपण येथे आलो. त्यांच्याशी मला अखेरीस बोलावयाचे आहे. तत्पूर्वी, आपण सर्वांनी जे लिहिले तेच मीही लिहिले असते तर काय लिहिले असते, ते सांगतो.

माझे पहिले शिक्षण कानांनी झाले. ज्या खेड्यात मी वाढलो, तेथे दिवेलागणीला घरातील आणि शेजारपाजारची मुले पडवीत परवच्याला बसत; शुभंकरोती झाले की पाढे, पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे करीत औटकीपर्यंत आम्ही एका सुरात चढत जात असू, आणि एखाद्याची जीभ अडखळली तर बाकीच्यांचा सूर त्याला उचलून पुढे नेई. संख्या ही माझ्या लेखी आकृती नव्हतीच, तो एक नाद होता; 'नऊ त्रिक' असे कानावर आले की 'सत्तावीस' हे उत्तर जिभेवर हजर असे. या शिक्षणाची थट्टा करण्याची प्रथा मध्यंतरी सुशिक्षितांत पडली होती, ती मला कधीही मान्य झाली नाही. पुढे चौतीस वर्षे गणित शिकविताना ज्या पुंजीवर मी निर्धास्तपणे विसंबलो, ती त्या पडवीतच जमा झालेली होती.

परंतु त्या पुंजीची मर्यादा माध्यमिक शाळेत कळली. काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरील वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंवरील वर्गांच्या बेरजेइतका असतो, हा युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील ४७वा सिद्धान्त मी त्याच्या संपूर्ण सिद्धतेसह, स्वल्पविरामांसकट म्हणावे इतका, तोंडपाठ केला होता. एके दिवशी शिक्षकांनी फळ्यावर तोच त्रिकोण आडवा काढला, कोनांना अ, ब, क यांऐवजी प, फ, म अशी नावे दिली आणि मला उभे केले. माझ्या तोंडून एक अक्षर निघेना. जे मी महिनोन्‌महिने म्हणत होतो, ते केवळ म्हणत होतो, त्यातले काहीही मला ठाऊक नव्हते, हे चाळीस मुलांसमोर मला प्रथम कळले. आणि त्या दिवशी जो एक शब्द मला ऐकावा लागला, तो येथे उच्चारण्याचे कारण नाही, मात्र माझ्या वर्गात तो शब्द मी कोणत्याही मुलासाठी कधी वापरला नाही.

त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या सुटीत आमच्या आळीत एका घराचा पाया आखण्याचे काम निघाले. गवंडीकाकांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी एका बाजूस सूत ताणून खुंट्या ठोकल्या, कोपऱ्यापासून त्या सुतावर तीन हात मोजून खूण केली, दुसऱ्या बाजूचे सूत अंदाजाने ताणून त्यावर चार हातांची खूण केली, आणि मग दोरीचे एक टोक माझ्या हाती देऊन, दोन खुणांमधील अंतर बरोबर पाच हात भरेपर्यंत ते दुसरे सूत डावी-उजवीकडे सरकवीत राहिले. पाच हात भरले तेव्हा त्यांनी 'आला गुण्यात', म्हणजे काटकोनात, असे म्हणून चुन्याची फक्की टाकली. दोरीचे ते टोक चिमटीत धरून मी उन्हात उभा होतो, आणि तीन, चार, पाच हे आकडे, नऊ, सोळा, पंचवीस हे त्यांचे वर्ग, आणि वर्षभर निष्प्राण राहिलेला तो सिद्धान्त हे सर्व एका क्षणी माझ्या हाताला लागले. आपल्याकडे यज्ञवेदी आखण्याचे जे प्राचीन शास्त्र आहे त्याला शुल्बसूत्रे म्हणतात, शुल्ब म्हणजे दोरी, आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात हाच सिद्धान्त आलेला आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचावयास मिळाले. वाचताना डोळ्यांपुढे वेदी आली नाही, आमच्या आळीतला तो पायाच आला.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षक कसा असावा याविषयी एक अपेक्षा आहे, ती आपण प्रत्येकाने मुळातून वाचावी. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडावेत, ते मुलांत मोकळेपणाने मिसळणारे असावेत, आणि प्रसंग पडल्यास नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्यांनी कचरू नये, असा तिचा आशय आहे. हा आग्रह केवळ समतेचा होता असे पुष्कळांना वाटते. तो समतेचा होताच, परंतु तो ज्ञानाविषयीही होता, असे मला त्या पायाच्या अनुभवामुळे वाटत आले आहे. हाताला कळलेले ज्ञान शाळेच्या उंबरठ्याबाहेर थांबवून ठेवले, तर शाळेच्या आत केवळ नाद उरतो. आणि त्याच निवेदनात जोतीरावांनी शिक्षकाचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे, मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये असावे, असेही मागितले होते, हे मी मुद्दाम सांगतो. कारण शिक्षकाकडून ध्येयनिष्ठा मागणाऱ्यांनी त्याच्या चरितार्थाची गोष्ट विसरावी, असे त्या महापुरुषाला कधीच मान्य नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व सांगितले, ती सांगतो. प्रशिक्षणाच्या वर्षी माझा एक सराव पाठ नववीच्या वर्गावर लागला, आणि दैवयोगाने घटक काटकोन त्रिकोणाच्या त्याच सिद्धान्ताचा आला. पाठ टाचण मी तीन रात्री जागून लिहिले, बारा समान भागांवर गाठी मारलेली दोरी तयार केली, आणि सारा वर्ग अंगणात नेऊन मुलांकडून काटकोन आखून घेतले. मुले रमली, निरीक्षकांनी निरीक्षण वहीत उत्तम असा शेरा दिला, आणि ज्या रीतीने मला ज्ञान झाले त्या रीतीने ते सर्वांना दिले या समाधानात मी दोरी गुंडाळीत होतो, तोच एक मुलगी मागे रेंगाळली आणि म्हणाली, "सर, दोरी ताणली की कोन काटकोन होतो, हे दिसलं. पण वर्ग कुठून आले? नऊ आणि सोळा मिळून पंचवीसच का व्हायला हवेत?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. दोरीने मला 'असे होते' एवढे दाखविले होते, 'असेच का व्हावे' हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता. माझी जाण जेथे थांबली होती तेथेच माझा पाठ थांबला होता, आणि मी ज्या रीतीने शिकलो त्या रीतीचा टोकाचा दगड त्या मुलीने एका वाक्यात मला दाखविला. त्या रात्री मी जाड पुठ्ठ्याचे एकसारखे चार काटकोन त्रिकोण कापले आणि सात बोटे बाजूच्या चौरसात ते परोपरीने मांडून पाहू लागलो. एका मांडणीत मधोमध पाच बाजूचा तिरपा चौरस उरे. दुसऱ्या मांडणीत तेच चार त्रिकोण दोन आयतांत बसत आणि तीन बाजूचा एक व चार बाजूचा एक असे दोन चौरस मोकळे राहत. एकूण जागा एकोणपन्नास, त्रिकोणांनी व्यापलेली चोवीस, उरलेली पंचवीस. ती एकत्र उरली काय किंवा नऊ आणि सोळा अशी वाटून उरली काय, तितकीच. शाळेत पाठ केलेला आणि उन्हात हाताला लागलेला तो सिद्धान्त मला त्या मध्यरात्री, वयाच्या बाविसाव्या वर्षी, प्रथमच कळला. पुढच्या आठवड्यात ते पुठ्ठे मी त्या मुलीपुढे ठेवले, तेव्हा काहीही न बोलता तिने ते दोनदा मांडले, दोनदा मोडले, आणि मान हालविली.

मला शिक्षक का व्हायचे, या प्रश्नाचे उत्तर तेव्हापासून माझ्यापाशी आहे.

अध्ययनशैलीविषयी आपण जे लिहिले आहे, त्याबाबत एक सावधगिरीची सूचना करणे मी माझे कर्तव्य समजतो. प्रश्नावली भरून घेऊन विद्यार्थ्यांची दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती अशी विभागणी करण्याचा प्रघात गेल्या काही दशकांत जगभर पसरला. परंतु २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांचे तीन सहकारी यांनी या विषयावरील संशोधनाचा साक्षेपी आढावा घेतला, तेव्हा मुलाची शैली हेरून त्याच शैलीत शिकविल्याने ते अधिक शिकते, असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, या निर्णयाप्रत ते आले. आवडीनिवडी असतात, हे त्यांनी नाकारले नाही. मात्र आवड म्हणजे कुवतीची सरहद्द नव्हे; आणि हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे 'श्राव्य' असा शिक्का मारणारा शिक्षक त्या मुलाच्या हाताचा आणि डोळ्यांचा मार्ग नकळत बंद करीत असतो. मला कोणी श्राव्य ठरवून जन्मभर परवच्यावरच ठेवले असते, तर त्या दोरीचे टोक माझ्या हाती कधी आले असते?

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेतील धूळपाटीचाच विचार करा. मूल बोटाने धुळीत अक्षर गिरवी, गिरविताना त्याचा उच्चार करी आणि उमटलेले रूप डोळ्यांनी पाही. कान, डोळा आणि बोट यांची फारकत तेथे नव्हतीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथे सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक असलेले अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत अक्षरे गिरविताना पाहिले, ती रीत आपल्या शाळेत सुरू केली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याच्या पद्धतीचीही तिला जोड दिली, आणि १७९७ साली त्यांनी तो प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्यावर ती पद्धत इंग्लंडात मद्रास पद्धत या नावाने रूढ झाली. माँटेसरीबाईंनी पुढे खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलांची बोटे फिरविली. आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी डहाणूच्या बाजूस, प्रथम बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, पाने यांवर तेच काम उभे केले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांना शाळेत येता येत नव्हते, तेव्हा अनुताईंनी शाळाच कुरणात नेली. मुले का येत नाहीत, याची कैफियत त्यांनी मुलांकडे मागितली नाही.

जाणणे आणि शिकविणे यांच्या नात्याविषयी कालिदासाने 'मालविकाग्निमित्र' या नाटकात दोन नाट्याचार्यांचा वाद रंगविला आहे. तेथे एक परिव्राजिका असे म्हणते की, कोणाची विद्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, कोणाला ती दुसऱ्याच्या ठायी संक्रांत करण्याचे कौशल्य विशेष असते, आणि ज्याला दोन्ही साधते त्याला शिक्षकांत अग्रस्थान द्यावे. आणि परीक्षा होते ती आचार्यांच्या नृत्याची नव्हे, त्यांच्या शिष्यांच्या नृत्याची. विद्या आणि संक्रमण या दोन निराळ्या शक्ती आहेत, असे मीही तरुणपणी समजत असे. पुठ्ठ्यांच्या त्या रात्रीनंतर मला तसे म्हणवत नाही; माझ्या बाबतीत दुसरीने पहिलीला जन्म दिला.

आता ज्या पाच-सहा जणांनी आपणास ओढ नसल्याचे लिहिले, त्यांच्याशी दोन शब्द. आपण खरे लिहिलेत. भरतीची वाट पाहण्यात उमेदीची वर्षे जातात, पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही रुजू होण्याचा हुकूम हाती पडत नाही, तासिका तत्त्वावर मिळणाऱ्या मानधनात घर चालत नाही, हे सारे मला ठाऊक आहे; माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांची ही कहाणी आहे आणि ती ऐकून मला झोप लागत नाही. अशा स्थितीत आपणाकडून कोणी ध्येयवादाची ग्वाही मागावी, हे मला न्याय्य वाटत नाही. परंतु एवढे सांगतो की, माझीही ओढ अगोदर नव्हती. प्रशिक्षणासाठी मी अर्ज केला, तो पगाराची निश्चिती असलेली नोकरी म्हणून. ओढ आली ती एका मुलीच्या प्रश्नातून, आणि तीही माझा पाठ उत्तम ठरल्यानंतर.

प्राचार्य महोदय, हे हस्तलिखित मी आपल्या स्वाधीन करतो. त्याच्या अखेरीस काही पाने कोरी राहिलेली आहेत. पुढील महिन्यात ही मंडळी आंतरवासितेसाठी शाळाशाळांतून जातील, तेथून परत आल्यावर त्यांनी त्या पानांवर आणखी एक लेख लिहावा अशी माझी विनंती आहे: आपण ज्या रीतीने शिकलो, ती रीत ज्याला मानवली नाही अशा एका मुलाविषयी. लेख पुरे झाले की हस्तलिखित पुन्हा मला टपालाने पाठवावे. मी ते वाचून, प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहून, परत करीन.

पारितोषिकांसाठी मुले केव्हाची उभी आहेत. त्यांना अधिक तिष्ठत ठेवीत नाही.