जमिनीवरची चाचणी
(वार्षिक समारंभात केलेल्या भाषणावरून)



आज मी आपणांस एका छोट्याशा झडपेची गोष्ट सांगणार आहे.

अग्निबाणाला नुसता जोर असून भागत नाही. त्याचे तोंड भलतीकडे वळता कामा नये, आणि त्याने लाटण्यासारखे स्वतःभोवती फिरताही कामा नये. तो फिरू लागलाच तर अंगावरच्या लहान नळ्या क्षणभर झोत सोडून त्याला उलट दिशेने रेटतात व सावरतात. त्यांच्या झडपा हुकूम होताच उघडल्या पाहिजेत व लगेच मिटल्या पाहिजेत. म्हणून ही यंत्रणा उड्डाणापूर्वी जमिनीवरच तपासतात.

एस.एल.व्ही.-३ या भारताच्या पहिल्या उपग्रहवाहक अग्निबाणाचे प्रकल्पप्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेची जमिनीवर चाचणी चालू असता बारांपैकी एक झडप हुकूम मानीना. पाहावयास गेलेल्या सहकाऱ्यांवर टाकी फुटून नायट्रिक आम्ल उडाले व ते भाजले.

पुढे १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून उड्डाण झाले. पहिला टप्पा उत्तम पार पडला. दुसऱ्यात नियंत्रण सुटले आणि ३१७ सेकंदांत सारा खेळ आटोपून अग्निबाण समुद्रात पडला. चौकशीत आढळले की, उड्डाणास ८ मिनिटे असताना एक झडप घाण अडकल्याने उघडीच राहिली व आम्ल वाहून गेले. संगणकाने इशारा दिला होता. तरीही पुढे जाण्याचा निर्णय आपलाच होता, हे कलामांनी नंतर जाहीरपणे सांगितले.

त्या दिवशी प्रा. सतीश धवन यांनी वार्ताहरांपुढे अपयशाची जबाबदारी स्वतः घेतली. १८ जुलै १९८० रोजी ३५ किलोचा 'रोहिणी' उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केले.

पालकहो, सहामाही परीक्षा ही आपल्या मुलांची जमिनीवरची चाचणी आहे. तिथे दोष दिसला तर तो दुरुस्त करावयाचा असतो. माझ्या माहितीतील एका मुलीला गणितात नापास झाली म्हणून नववीतच घरी बसविले. तिचे अडत होते ते केवळ अपूर्णांकांपाशी. एवढी एक झडप कोणी उघडून पाहिली नाही आणि सबंध अग्निबाण मोडीत काढला!

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही प्रगतिपुस्तक लपवू नका. इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले तर काय होते, ते १९७९ साली समुद्राने पाहिले.

कलामांच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या फीसाठी त्यांच्या बहिणीने, जोहरा यांनी, आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेविली होती. आपल्यापैकी प्रत्येकाजवळ सोने नसेल, पण रोज संध्याकाळी मुलाजवळ बसून "बाळा, कुठे अडले?" एवढे विचारण्यास सोने लागत नाही. आज घरी गेल्यावर एवढे विचारा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.