आपला संघ कोणता?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात जानकीपुरम येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानांत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा उत्तरेकडील इतिहास असे विषय यावेत हे उचितच आहे. त्या मानकऱ्यांच्या पंगतीत फुटबॉलचेही एक पान मांडण्याची परवानगी कार्यकारिणीने आम्हांस दिली, याबद्दल आरंभीच तिचे आभार मानतो. आम्ही खेळाडू नाही, क्रीडासमीक्षकही नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत फायली हाताळता हाताळता पन्नाशी ओलांडलेला एक साधा प्रेक्षक, एवढीच आमची पात्रता.

विषय निवडण्यास कारण मात्र आहे. येथील सेक्टरांतल्या उद्यानांत संध्याकाळी मुले खेळत असतात. त्यांतील फुटबॉल खेळणाऱ्यांच्या अंगावर माद्रिद, बार्सिलोना, मँचेस्टर येथील संघांचे सदरे दिसतात. ‘तुमचा संघ कोणता?’ असे विचारले, तर उत्तर तत्काळ मिळते. ‘आपला संघ कोणता?’ असे विचारले, तर ती मुले विचारात पडतात. ‘तुमचा’ आणि ‘आपला’ या दोन शब्दांतील अंतर परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसास समजावून सांगावे लागत नाही. भारतात व्यावसायिक फुटबॉलची नवी साखळी स्पर्धा सुरू झाली, त्या हंगामाची कथा ही या अंतराचीच कथा आहे, असे आम्हांस वाटते.

हा खेळ आपल्याकडे जुना आहे. ड्युरँड चषकाची स्पर्धा १८८८ साली सुरू झाली, आणि मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे हैदराबाद पोलिसांच्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला, त्या पराक्रमाच्या गोष्टी मुंबईच्या कूपरेज मैदानाभोवती पुढे कित्येक वर्षे सांगितल्या गेल्या. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने सुवर्णपदक मिळविले. तथापि या जुन्या नामांकित स्पर्धा मुख्यत्वे बाद पद्धतीच्या होत्या. आज हरलात की उद्याची गाडी पकडून घरी जायचे, असा तो प्रकार. खेळाडूचे पोट चाले ते रेल्वेतील, बँकेतील, पोलिसांतील किंवा गिरणीतील नोकरीवर. फुटबॉल हे त्या नोकरीचे भूषण असे, परंतु उपजीविका नव्हे.

साखळी पद्धतीचा न्याय निराळा. तेथे प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, एकदा स्वतःच्या मैदानावर व एकदा प्रतिपक्षाच्या. एका दिवसाच्या दैवापेक्षा कित्येक महिन्यांचे सातत्य तेथे मोजले जाते, आणि एवढे महिने खेळाडूस सांभाळावयाचे तर त्यास वेतन द्यावे लागते. व्यवसायाचा उगम येथे आहे. भारतात हा प्रयोग राष्ट्रीय पातळीवर १९९६ च्या अखेरीस ‘राष्ट्रीय फुटबॉल लीग’ या नावाने सुरू झाला. पहिले विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटी या कापड गिरणीच्या संघाने पटकाविले. २००५-०६ मध्ये मुंबईचा महिंद्र युनायटेड संघ विजयी झाला. २००७ साली या स्पर्धेचे रूपांतर ‘आय-लीग’मध्ये झाले. गोव्याच्या डेम्पो संघाने तर जुन्या-नव्या नावांखाली मिळून पाच वेळा विजेतेपद मिळविले.

परंतु येथेच एक खूण आढळते. महिंद्र युनायटेड संघ २०१० साली बंद झाला, आणि जेसीटीचा संघ २०११ साली. मैदानावर ते नामोहरम झाले होते असे नाही. चालविणाऱ्यांनी खर्च थांबविला आणि संघ संपला.

त्याच सुमारास, डिसेंबर २०१० मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स यांच्याशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा व्यापारी करार केला. त्यातून १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ‘इंडियन सुपर लीग’चा पहिला सामना झाला. कोलकात्याच्या नव्या संघाने मुंबईच्या नव्या संघास तीन विरुद्ध शून्य असे हरविले. आठ शहरांचे वा प्रदेशांचे आठ संघ, सव्वादोन महिन्यांचा हंगाम, दिव्यांचा लखलखाट, आणि उतारवयातील का होईना, पण जगप्रसिद्ध खेळाडू. पुण्याच्या संघातून फ्रान्सचा ट्रेझेगे खेळला, तर गोव्याच्या संघाचे मार्गदर्शक ब्राझीलचे झिको होते. २० डिसेंबर रोजी नवी मुंबईत अंतिम सामना झाला. वाढीव वेळेत मोहम्मद रफिक याने केलेल्या एकमेव गोलामुळे केरळचा पराभव होऊन कोलकाता विजयी झाले. सामन्यांना सरासरी वीस हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले. हे यश खोटे नव्हते. खेळाडूंचे मानधन वाढले, आणि फुटबॉल दूरचित्रवाणीवरून अशा घरांत पोहोचला की जेथे त्याचा गंधही नव्हता.

आता त्याच हंगामात पुण्यात काय घडले ते पाहू. २०१४-१५ च्या त्या एका हंगामात पुणे शहरात तीन व्यावसायिक संघ होते. ‘पुणे एफसी’ हा २००७ साली स्थापन झालेला, आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळविलेला. ‘एफसी पुणे सिटी’ हा नव्या लीगमधला, आणि ‘भारत एफसी’ हा आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळालेला. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत खेळण्यास तिघेही सज्ज. यास फुटबॉलचा सुवर्णकाळ म्हणावे असे कोणासही वाटले असते. परंतु २०१५ साली पुणे एफसीचा वरिष्ठ संघ बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम खेळून गेला. पाठोपाठ आलेला डीएसके शिवाजीयन्स २०१७ साली निघून गेला, आणि २०१९ साली एफसी पुणे सिटीही आर्थिक अडचणींमुळे मिटला. पाच वर्षांत तीनांचे शून्य झाले. बालेवाडीचे मैदान जागेवर होते, प्रेक्षकही होते. नव्हती ती फक्त संघ ‘आपला’ म्हणून टिकविणारी माणसे.

त्याच हंगामातील दुसरी घटना गोव्याची. जानेवारी ते मे २०१५ या काळात आय-लीग झाली. नियम असा होता की, शेवटचा येईल त्याने खालच्या श्रेणीत उतरावे. मात्र थेट प्रवेश दिलेल्या नव्या संघास यातून सूट होती. शेवटचा आला भारत एफसी. त्यास अभय होते, म्हणून खाली उतरावे लागले ते त्याच्या वर असलेल्या डेम्पोस, म्हणजे पाच वेळच्या विजेत्यास! आमच्यासारख्या सरकारी नोकरास हा न्याय ओळखीचा वाटावा. सेवाज्येष्ठता एकाची, आणि अभय दुसऱ्यास. वर्षभरात डेम्पोने खालच्या श्रेणीत प्रथम येऊन बढती मिळविली. परंतु नव्या लीगचे दार मैदानावरील विजयाने उघडणार नाही असे दिसताच, २०१६ साली डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. गोव्याच्या वाड्यावाड्यांतील मैदानांवर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्या भूमीचा हा निषेध होता.

कोणी म्हणेल, पैसा ओतणाऱ्याने आपले नियम करावे, त्यात गैर काय? प्रश्न रास्त आहे. धनिकांचा आश्रय नसता तर वरच्या दर्जाचे मैदान, प्रशिक्षक, वैद्यकीय सोयी हे सारे आले नसते. मुंबई सिटीने २०२०-२१ आणि २०२३-२४ मध्ये विजेतेपद मिळविले, त्याचा आनंद आम्हांसही झाला. आमचे म्हणणे एवढेच की, पैशाने संघ उभा राहतो, पण तो रुजतो दुसऱ्या कशाने तरी. ते ‘दुसरे काहीतरी’ पाहावयाचे असेल तर कोल्हापुरास जावे.

कोल्हापुरात फुटबॉल ही पेठांची मिरास आहे. तेथील संघांची नावेच ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या लाल मातीतून उगवलेल्या तालमी आणि पेठेची मंडळे फुटबॉलचे संघ पोसतात. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन त्यांच्या स्पर्धांची व्यवस्था पाहते. राजर्षी शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असला की शहराची दुपार तिकडे वळते. तेथे दोष नाहीत असे नव्हे. समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग घडलेले आहेत, आणि ते कोल्हापूरकरांस भूषणावह नाहीत. परंतु तेथे संघ एका हंगामात उगवून दुसऱ्या हंगामात नाहीसा होत नाही. तो आजोबांचा असतो, म्हणून नातवाचा होतो. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली, तीत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

आणि त्या सर्व नावांच्या शेवटी येणारा शब्द ध्यानी घ्यावा. तो शब्द ‘मंडळ’ हा आहे.

आता आपण राहतो त्या उत्तर प्रदेशाकडे येऊ. २०२३ साली ‘इंटर काशी’ हा वाराणसीच्या नावाचा संघ आय-लीगमध्ये आला. नाव काशीचे, पण त्याचे घरचे सामने होत बंगालमधील कल्याणी येथे! २०२४-२५ च्या विजेतेपदासाठी त्याचा आणि गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा वाद झाला. महासंघाच्या अपील समितीने कौल चर्चिलला दिला. जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवाद न्यायालयाने तो फिरवून इंटर काशीस विजेता ठरविले. आय-लीगच्या विजेत्यास सुपर लीगमध्ये बढती देण्याचे तत्त्व २०२२-२३ पासून मान्य झाले होते, त्यामुळे काशीच्या नावाचा संघ वरच्या श्रेणीत गेला. दार उघडले, हे चांगलेच झाले. परंतु ज्या दिवशी काशीच्या घाटांवरची मुले चालत जाऊन तो संघ पाहू शकतील, त्या दिवशी तो खरा काशीचा होईल.

दैवाचा खेळ असा की, त्याच जुलै महिन्यात सुपर लीगचाच हंगाम अडला. २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, आणि पुढची व्यवस्था ठरली नव्हती. नेहमी पावसाळा सरता सरता सुरू होणाऱ्या हंगामास फेब्रुवारी २०२६ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि चौदा संघांना एकमेकांशी एकेकदाच खेळून समाधान मानावे लागले. कागदावरची मुदत संपताच देशातील सर्वोच्च स्पर्धेची ही अवस्था व्हावी! पेठेतल्या तालमीच्या संघास असा मुदतीचा कागद नसतो.

लखनौत फुटबॉलची आवड नाही असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये मोहन बागान व ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे दोन परंपरागत प्रतिस्पर्धी येथील के. डी. सिंग बाबू स्टेडियमवर खेळले, आणि टायब्रेकरमध्ये ईस्ट बंगालची सरशी झाली. पाहुणे आले, खेळले, परतले. प्रश्न उरतो तो घरच्यांचा.

आपल्या या मंडळास पन्नास वर्षे झाली, ती कोणा एका धनिकाच्या करारावर झाली नाहीत. वर्गणीचे पुस्तक घेऊन घरोघर हिंडणारे, गणेशोत्सवात सतरंज्या अंथरणारे आणि कार्यक्रम संपल्यावर त्या झटकून घड्या घालणारे, बदली होऊन निघताना हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती सोपवून जाणारे, अशा माणसांवर ती झाली. आमच्यासारखे बदलीवाले येत-जात राहिले, मंडळ राहिले. कोल्हापूरच्या तालमी ज्या बळावर टिकल्या तेच हे बळ आहे.

म्हणून एक छोटी सूचना मांडून आम्ही थांबतो. मंडळाने या वर्षी मुलामुलींचा एक फुटबॉल संघ काढावा. त्यास खर्च फार नाही. दोन चेंडू, एक पंप, गोलासाठी चार बांबू, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी देणारे दोन पालक. संघात केवळ मराठी मुले नसावीत. शेजारच्या घरांतील अवधी बोलणारी, बंगाली, पहाडी, सर्व मुले असावीत, आणि संघाचे नाव असावे ‘जानकीपुरम’. आपण जेथे राहतो, ज्या नळाचे पाणी पितो, ज्या रस्त्याने मुले शाळेत जातात, ते गाव आपले न म्हणावे तर कोणते म्हणावे? परदेशी संघांचे सदरे मुलांनी खुशाल घालावेत, त्यास आमची हरकत नाही. मात्र ‘आपला संघ कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना सेक्टरातल्या उद्यानाकडे बोट करून देता यावे.

सुवर्णमहोत्सवानंतर हीरकमहोत्सव येतो. तोवर आमची बदली नसली तरी निवृत्ती निश्चित झालेली असेल. त्या वेळी आजच्या मुलांपैकीच कोणी पुढच्या मुलांना चेंडूत हवा भरून देताना दिसावा, अशी श्रीगजाननचरणी प्रार्थना करतो.