दिवाळीपर्यंत कोंब न आलेला कांदा

(हिंगणघाट येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ जण आहेत. आमच्या वाट्याला कांदा आला आहे. आधीच सांगून टाकतो, आम्ही कांद्याचे बागायतदार नाही. तुमच्यासारखेच पऱ्हाटी, तूर आणि ज्वारीचे कोरडवाहू कास्तकार. आमच्या गावातल्या काही घरांनी मिळून सांदवाडीत घरापुरता कांदा लावायला सुरुवात केली. त्यात काय चुकले आणि काय साधले, तेवढेच सांगायला उभे आहोत.

पहिला हिशेब आमच्या घरातल्या बायांनी मांडला. पाच-सहा माणसांच्या घराला महिन्याला आठ-दहा किलो कांदा लागतो. झुणका-भाकरीवर कच्चा, भाजीत फोडणीला, वावरात नेलेल्या शिदोरीत एक बुक्कीने फोडायला. म्हणजे वर्षाला क्विंटलभर झाला. हा क्विंटल आपण एकदम घेत नाही, आठवडी बाजारात किलो-दोन किलो घेतो. आणि भाव सगळ्यात चढा असतो तो दसरा-दिवाळीच्या सुमाराला. उन्हाळी कांदा चाळीतून संपत आलेला असतो, खरिपाचा अजून यायचा असतो, आणि परतीचा पाऊस बसला की तोही वावरात सडतो. नेमका तेव्हाच आपल्या घरात पैसा नसतो. पहिला वेचा यायचा असतो, वेचणीची मजुरी मात्र रोख द्यावी लागते.

अशाच एका वर्षी आमच्या पारावर कांद्याच्या भावावरून बोंब चालली होती. नाशिककडच्यांची चांदी आहे, सरकार काय झोपले आहे काय, असे सगळे बोलत होते. बोलणारे आम्हीच होतो. मग एका म्हाताऱ्याने विचारले, बाप्पा, कापसाला भाव आला की गिरणीवाले हेच बोलतात ना? सगळे गप्प.

कांद्याचा भाव चढला की ओरड होते, आणि ओरड झाली की सरकार निर्यातीवर हात घालते. १९८० मध्ये चाकणला कांद्यासाठी शेतकरी रस्त्यावर बसला, तेव्हापासून हे नाटक आपण पाहत आलो आहोत. अलीकडचेच घ्या. २०१९ च्या सप्टेंबरात निर्यातबंदी. ती उठली, तर २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा बंदी. २०२३ च्या ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, ती उठली २०२४ च्या मे महिन्यात. दर वेळी सांगितले गेले की हे गिऱ्हाइकासाठी. त्या गिऱ्हाइकांत खेड्यातला कापूसवालाही मोजला जातो. लासलगावच्या भावाच्या गळ्याला फास लागतो आणि त्या दोरीचे एक टोक आपल्या पिशवीला बांधलेले असते. आपला कांदा घरचा असेल, तर निदान त्या ओरडणाऱ्यांत आपला आवाज राहणार नाही.

कोणी म्हणेल, शेतमालाला भाव मागणारे हे लोक आता सांदवाडीत कांदे लावा म्हणून सांगायला लागले. विचारणे रास्त आहे. पाव गुंठा कांद्याने कर्ज फिटत नाही आणि कापसाचा भाव वाढत नाही. तसे आम्ही म्हणतही नाही. पण १९९१ मध्ये शेगावला चतुरंग शेतीची मांडणी झाली, तिच्यात सीताशेती होती. ती ऐकून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन विसरलो. आमच्या घरच्या बाया विसरल्या नव्हत्या, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आता चूक सांगतो, कारण शिकलो तिच्यातूनच. पहिल्या वर्षी जूनमध्ये दुकानातून कांद्याची पुडी आणली. पुडीवर गोल गरगरीत विटकरी कांद्याचे चित्र. वाण कोणता, कोणत्या हंगामाचा, दुकानदाराला विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. रोप झाले, लावले, पात अशी आली की येणारा-जाणारा थांबून पाहायचा. दिवाळीला उपटले तर खाली कांदा नाही, नुसती जाड मान. दोन महिने पातीची भाजी खाल्ली. तो उन्हाळी हंगामाचा वाण होता, पावसाळ्यात लावला.

याचे कारण समजून घ्या, म्हणजे पुडीवरचे चित्र फसवणार नाही. कांदा दिवस मोजतो. दिवस किती तासांचा आहे आणि ऊन किती आहे, यावर त्याचे पोसणे ठरते. खरिपाचे वाण दिवस लहान होत असताना पोसतात. उन्हाळी वाणाला माघ-फाल्गुनातले वाढते दिवस आणि वाढते ऊन लागते. युरोपातल्या कांद्याला तर चौदा-सोळा तासांचा दिवस हवा, आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. म्हणून परदेशी पुडी कितीही महाग असो, आपल्याकडे ती पातच देणार. उलटेही होते. खरिपाचा वाण थंडीत लावला तर डेंगळे फार निघतात, जोडकांदा होतो, आणि जो चांगला निघेल तोही टिकत नाही.

तेव्हा वाण निवडताना आधी हे ठरवा, की हा कांदा आपण कोणत्या महिन्यात खाणार. रंग त्यानंतर.

दिवाळी ते संक्रांत खायचा असेल तर खरिपाचा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा बसवंत ७८०, निफाडचा जुना एन-५३, नाशिकच्या प्रतिष्ठानचा ॲग्रीफाउंड डार्क रेड, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राचा भीमा सुपर. यातला कोणताही चालतो. बी मे-जूनमध्ये टाकायचे, सहा-सात आठवड्यांचे रोप लावायचे. याला पाणी पावसाचेच, मधल्या ताणात दोन-चार वेळा द्यावे लागेल. पण हा कांदा ठेवायचा नाही. आम्ही बसवंत टोपलीत भरून ठेवला, संक्रांतीला टोपलीभर कोंब निघाले.

आपली काळी जमीन खरिपात कांद्याची वैरी आहे. पाणी तुंबले की मुळ्या गेल्या. सपाट वाफ्यात लावूच नका. तीन-साडेतीन फूट रुंद आणि वीतभर उंच गादीवाफा करा, कुजलेले शेणखत भरपूर घाला, फारच चिकण असेल तर चार घमेली रेती मिसळा. चिकण मातीत कांदा वाकडा पोसतो, हे चवीला आडवे येत नाही, पण चिरणारी बोलते.

एप्रिल ते मृगापर्यंत खायला पांढरा. हा आपल्या विदर्भाचा जुना आवडता, गोडसर, उन्हातान्हात कच्चा खायचा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा अकोला सफेद आहे, राहुरीचा फुले सफेद आहे, राजगुरुनगरचा भीमा श्वेता आहे. पण पांढरा दोन-तीन महिन्यांचा पाहुणा. पावसाची दमट हवा लागली की तो काळवंडतो आणि सडतो. लागेल तितकाच लावा.

आणि मृगापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे भाव चढतो त्या महिन्यांसाठी, फिका लाल उन्हाळी कांदा. एन-२-४-१ हा त्यातला सर्वांना माहीत असलेला. भीमा किरण, भीमा शक्ती, ॲग्रीफाउंड लाइट रेड हेही आहेत. नीट वाळवला तर पाच-सहा महिने राहतो. आमचा सगळा जोर यावर आहे.

पाण्याचे काय, हा प्रश्न येणारच. हिशेब करून पाहिला. पाव गुंठा म्हणजे पंचवीस चौरस मीटर. एका पाळीला साधारण साडेबाराशे लिटर पाणी लागते, पाळी आठ-दहा दिवसांनी. म्हणजे रोजचे सव्वाशे-दीडशे लिटर. पाच-सहा माणसांच्या घरातून आंघोळीचे आणि भांड्यांचे एवढे पाणी रोज मोरीतून नालीत जाते. ते एका टाक्यात घ्या, कपड्यांच्या सोड्याचे पाणी तेवढे बाजूला काढा. पाणी पातीवर शिंपडू नका, सरीतून सोडा. पूर्ण गुंठ्याला हे पुरणार नाही, विहीर लागेल. म्हणून पाव गुंठाच म्हणतो.

पंधरा बाय दहा सेंटिमीटरवर पाव गुंठ्यात सोळाशे-साडेसोळाशे रोपे बसतात. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बिया, तेव्हा दहा-बारा ग्रॅम बी पुरते. चांगल्या हाताला पन्नास-साठ किलो कांदा निघावा. आमच्या हाताला चाळीस निघाला, तरी चार महिने बाजारात कांदा घेतला नाही. फुलकिडे येतात, पातीवर पांढुरके चट्टे दिसतात. पाच टक्के निंबोळी अर्क मारतो, घरच्या तुकड्याला तेवढे भागते. पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात कांदा लावत नाही.

टिकण्याचे अर्धे श्रेय वाणाला, अर्धे काढणीला. निम्म्या माना पडल्या की काढणीला आला समजा, त्याआधी पंधरा दिवस पाणी तोडा. उपटल्यावर तीन-चार दिवस जागेवरच असा पसरा की एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर सावली धरेल. मग इंचभर मान ठेवून पात कापा. मुळाशी कापला की दार उघडे ठेवल्यासारखे, रोग आत जातो. नंतर दहा-बारा दिवस सावलीत. जाड मानेचा, जोड आणि डेंगळा आधी खाऊन टाका. राहिलेला पोत्यात भरू नका. बांबूच्या मचाणावर, जमिनीपासून दोन फूट वर, वीतभराच्या थरात, वारा खेळेल असा ठेवा. टिनाला लागून मात्र नको.

आता ज्यासाठी उभे राहिलो ते. कापसाचे बी आपल्या हातून गेले. आधी संकर आला, मग २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली, आणि दर मृगाला पाकीट विकत घेणे आले. त्याने बोंडअळीवर काही वर्षे उसंत दिली, उत्पन्नही दिले, ते नाकारत नाही. पण घरात बी ठेवण्याची सवय मोडली. आणि हे कुठे? तर या हिंगणघाटात! एके काळी हिंगणघाट हे कापसाच्या वाणाचे नाव होते. इथली बनी, लांब धाग्याची, लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखली जायची. तिचा रुईचा उतारा कमी. आखूड धाग्याच्या जाड वाणाचा उतारा जास्त, आणि बाजाराने धाग्यापेक्षा उताऱ्याला पैसे दिले. शेतकऱ्याने बाजार मागेल ते पेरले, त्यात त्याचा दोष नाही. पण वाण गेला तो गेला.

घरच्या कांद्याला तो बाजार नाही. इथे परीक्षक आपली जीभ आणि आपले मचाण. आणि वर सांगितलेले सगळे वाण सरळ आहेत, संकर नाहीत. यांचे बी घरी धरता येते. आपल्या शेतातले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, कंपनीचे नाव न लावता विकण्याचासुद्धा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आहे.

कसे धरायचे? एप्रिलमध्ये मचाणावर घातलेला कांदा दिवाळीला खाली काढा. मधल्या सहा महिन्यांत काही सडला, काही खाल्ला, काहीला कोंब आले. ज्याला कोंब नाही, जो घट्ट आहे, बारीक मानेचा, मध्यम आकाराचा, तो बियाण्याचा. तिथे मोठा कांदा पाहून भुलू नका. असे वीस-पंचवीस निवडून दिवाळीनंतर लावा. थंडीत दांडे निघतात, गोंडे फुलतात, एप्रिलच्या सुमारास काळे बी दिसू लागले की गोंडे जसे पिकतील तसे तोडायचे. पहिल्याच वर्षी ज्याने दांडा काढला त्या डेंगळ्याचे बी कधी धरू नका. ते फुकट मिळते, स्वस्त विकले जाते, आणि पुढच्या पिकाला तोच गुण देते.

एक अडचण मात्र एका घराने सुटत नाही. कांद्याची फुले मधमाशी फळवते. तुमचा गोंडा लाल आणि शेजारच्या वाडीतला पांढरा असला की दोघांचे बी बिघडले. प्रमाणित बियाण्याला दोन वाणांत बरेच अंतर राखतात. गावात सांदवाड्या भिंतीला भिंत लावून. दोन वर्षे आमचे बी असेच भेसळले, लालात गुलाबी, गुलाबीत पांढरा. भांडणेही झाली. शेवटी ठरले की कांदा कोणीही कोणताही लावावा, गोंडे मात्र आमच्या गावात फक्त लालाचे धरायचे. पांढऱ्याचे गोंडे वणेच्या पलीकडच्या गावाने. उन्हाळ्यात अदलाबदल.

कांद्याचे बी वर्षभरच चांगले उगवते, म्हणून साठवून उपयोग नाही. यंदाचे यंदाच टाकायचे. उन्हाळी हंगामाचे रोप टाकायला आता महिना आहे. दारापाशी टेबलावर दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या ठेवल्या आहेत. लाल दोरा बांधलेली एन-२-४-१ ची, पांढरा दोरा बांधलेली पांढऱ्याची. पैसे नकोत. पुडी नेणाऱ्याने वहीत गावाचे नाव लिहावे, आणि एका गावाने गोंड्यासाठी एकच रंग धरावा. पुड्या घरटी एक होतील इतक्या नाहीत, तेव्हा आधी ज्या मायबहिणी आल्या आहेत त्यांना नेऊ द्या.